हातचा एक

पाटीवर लिहिलंय: मध्यम.
कुणासाठी मध्यम, ते नाही लिहिलेलं.
गालिचित्साच्या रानाच्या तोंडाशी असलेल्या त्या पिवळ्या पाटीचा फोटो
त्राय्कोने टेबलावर उभा केलाय,
फोन आयवारच्या बरणीला टेकवून,
आणि आम्ही दोघं चष्मे लावून बघतोय
कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे बघावा तसे.

बीचचं रान, मग खिंड,
खिंडीपलीकडे जुनिपरची झुडपं, दगड, उतार,
आणि उताराच्या शेवटी प्रेस्पाचं पाणी.
चौदा किलोमीटर. पाच तास.
"हे पाच त्यांचे," मी म्हणते. "आपले सात."
तो नकाशाच्या समासात सात लिहितो.
खाली बारीक अक्षरात: जेवण, अर्धा.
त्याखाली: स्तोयनाचा गुडघा, अर्धा.
"माझ्या गुडघ्याला अर्धाच?"
"एकच तर बदललाय."

चढ दम मागतो, तो उधार मिळतो;
उतार गुडघे मागतो, रोख.
पाटी लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं.
पंचविशीतला असणार तो,
वर जाताना शीळ घालणारा.

खालून शेवटची बस पाच दहाला.
त्राय्कोने चाळीस वर्षं बस चालवली,
पाच दहा म्हणजे पाच दहा, शपथ घ्यावी तसं सांगतो.
मग पेन्सिल जिभेला लावून उलटं मोजत येतो,
आणि शाळेत मार खाऊन शिकला होता तसा
कोपऱ्यात एक आकडा मांडून ठेवतो.
हातचा एक.
"हा तास कशाचा?"
"तळ्याचा. ते मागे सरलंय."

खरंच की.
आमचा बाप खेचरावर लोकर लादून याच वाटेने उतरायचा,
अंधार पडता पडता खारवलेले मासे घेऊन परत.
त्याच्या चालण्याला कुणी मध्यम म्हटलं नाही,
कुणी काहीच म्हटलं नाही, जोडे तेवढे झिजायचे.
तो जिथे खेचराला पाणी पाजायचा
तिथला धक्का आता गवतात उभा आहे,
पुढे बोरू, चिखल, वाळके शिंपले,
आणि मग कुठे पाणी.

दोघं गप्प.
कारण पेन्सिल आता पोचलीय
आमच्या वरच्या शेताजवळ,
बांधावरच्या त्या अक्रोडाजवळ,
ज्याच्यापायी नऊ वर्षं
आम्ही एकमेकांशी वकिलांच्या तोंडून बोललो.
त्राय्को मान वर करत नाही.
रेघ हळूच बाहेरून वळवतो, ओढ्याच्या बाजूने,
कडेला लिहितो: वीस मिनिटं जास्त.

मी खोडरबर शोधते. मिळत नाही.
अंगठा ओला करून ती रेघ पुसते,
कागद तिथे थोडा काळवंडतो.
"सरळ जाऊ," मी म्हणते.
"वीस मिनिटं काय झाडाला लागलीत?"
तो हसला का, कळलं नाही;
चष्म्यावर फोनचा उजेड होता.

मग उरलंसुरलं.
झऱ्याचा भरवसा नाही, पाणी घरूनच.
चीज, टोमॅटो, डोंगरचहाचा थर्मास.
राकिया नाही.
राकिया थोडी.
पाव दोन, आणि एक वरचा,
बाप घ्यायचा म्हणून; का, ते त्यानेही सांगितलं नव्हतं.
काठी मी घेणार नाही असं मी बजावते,
तो लिहितो: काठ्या, दोन.
गजर दोघांच्याही फोनवर,
माझा पाचचा, त्याचा पाचला पाच कमी असताना.
विश्वास अजून तेवढाच आहे.

तो गेल्यावर टेबल पुसताना दिसतं,
चष्मा इथेच राहिलाय.
अंगणापलीकडे त्याच्या खिडकीत दिवा.
हाक मारली तर ऐकू जाईल, एवढंच अंतर.
मारत नाही.
चष्मा जाड मोज्यात गुंडाळते
आणि पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवते.
खिंडीत लागेल.