मधला आवाज

आमच्या गुरियात जुनी लाकडी घरं
जमिनीला टेकत नाहीत,
चार दगडांवर उभी असतात.
माझ्याकडेही चारच सूर आहेत, सगळे खर्जातले.
एतेर वरचं गाते, कोंबड्यासारखा गळा मोडून.
मधलं त्सिउरीचं.

मधलं एकटं ऐकलं तर गाणं वाटतच नाही.
कुणी बाई काहीतरी ठेवून विसरली आहे
आणि गुणगुणत घरभर शोधते आहे,
एवढंच वाटतं.

मका खुरपायला आम्ही तिघी एका रांगेत असायचो.
सूर चढला की हात चढायचा,
गाणं थांबलं की कंबर आठवायची.
एका लग्नात नवऱ्याचा मामा
प्याला उंचावून भाषण विसरला,
त्याला ते आठवेपर्यंत आम्ही तेच कडवं गात राहिलो.
पाच वेळा. सहाव्यांदा तो रडला आणि खाली बसला.
आणि माझा नेस्टोर गेला तेव्हा
मला रडूच फुटेना.
एतेरनं सुरुवात करून दिली,
बॅटरी उतरलेल्या गाडीला
मागून धक्का देतात तशी.

एक गाणं मात्र पोराच्या उशाशीच गायचं.
गोवर उठला की आमच्याकडे म्हणतात, मालक आलेत.
समुद्रापलीकडून येतात,
मानी, नाजूक मनाचे.
मग घरात भांडायचं नाही, दार आपटायचं नाही,
उशाशी लाल कापड, बशीत गुलाबाच्या पाकळ्या,
आणि हलक्या आवाजात त्यांची मर्जी राखायची
रात्रभर.

या मार्चमध्ये नातीला, केसारियाला, गोवर उठला.
ओझुरगेतीहून डॉक्टरीणबाई आली,
थेंब दिले, लस चुकवली म्हणून
सुनेला फैलावर घेतलं,
आणि जाताना उंबऱ्यात थांबून
मला म्हणाली, "गाणार ना?"

त्सिउरी बारीत असते. इटलीत. सहा वर्षं झाली.
एका म्हाताऱ्याचं सगळं करते,
त्याच्या अंघोळीतून इथे तिच्या घराला पत्रे आले.
फोन लावला. पण फोनमधला सूर
अर्धं पाऊल मागे.
आम्ही वळण घेतलं की ती अजून चढावरच.
एतेर तडकली,
मग लाल कापडाकडे बघून गप्प झाली.
शेवटी ठरलं, तिनं आपलं म्हणत राहायचं,
आम्ही तिच्या मागून जायचं,
तिकडे तिला कसं का ऐकू येईना.

दोनच्या सुमारास तिचा आवाज बुडाला.
दिवसभर त्याला उचलून ठेवणारी बाई,
खुर्चीतच डोळा लागला असणार.
आम्ही दोघी वर आणि खाली.
मध्ये केसारियाच्या पडक्या दाताएवढी खिंड.

मग फोनमध्ये कुणी खोकलं.
मग एक घोगरा, पुरुषाचा आवाज,
शब्द नाहीत, नुसतं हुं हुं,
पण मधलं. एकेक वळण बरोबर.
सहा वर्षं त्यानं तेवढंच तर ऐकलं होतं,
चादर बदलताना, चमचा धुताना.
त्याला वाटत असेल, गाणं एवढंच आहे.

एतेरनं माझ्याकडे पाहिलं.
मी माझे चार दगड
हळूच त्याच्याखाली सरकवले.

तो मध्येच थांबला.
आमचं त्याच्यापर्यंत पोचलं असावं, उशिरा का होईना.
ज्या खोलीत इतकी वर्षं काढली
तिला वर छप्पर आहे, खाली जोतं आहे,
हे कुणाला रात्री दोन वाजता कळावं!
काहीतरी बोलला. इटालियन आम्हाला कुठलं यायला.
पण पुन्हा सुरू झाला,
या वेळी जरा जपून,
पायऱ्या मोजत उतरल्यासारखा.

केसारियानं कूस बदलली.
अंगावरची पुरळ खाजवत, डोळे न उघडता तिनं विचारलं,
"आजी, मालक
एवढे म्हातारे असतात?"