रविवारचा क्षय

सांतियागो ते ऑकलंड
नऊ हजार सहाशे सत्तर किलोमीटर.
"तेरा तास, आई," निबाल्दो फोनवर म्हणाला,
"झोपलीस की संपलं."

एर्मेलिंदा झोपली नाही.
शनिवारी रात्री साडेअकराला उडालं विमान,
खाली पाणी, मग पाणी, मग पुन्हा पाणीच.
समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान
निळ्यावरून मुंगीच्या चालीनं सरकत होतं.

उतरली तेव्हा सोमवार, पहाटेचे साडेचार.
"आणि माझा रविवार?"
शिक्का मारणारी पोरगी हसली.
मागची रांग खाकरली.

एकोणीस वर्षांत एक रविवार चुकला नव्हता:
कार्नेशनची जुडी, पाण्याची बाटली, जुना टूथब्रश,
ओस्वाल्दोच्या नावातल्या 'ओ'त साचलेली धूळ.
"त्याला वाटेल, मी मेले."
"मेली असतीस तर भेटली नसतीस का त्याला?"
निबाल्दो गाडी चालवत म्हणाला.
ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाई. गाई.

तीन आठवडे.
नातीला तिची भाषा अर्धीच कळे,
उरलेलं दोघी पावाला लोणी लावता लावता
भागवून घेत.

परतताना वारा पाठीशी.
अंतर तेवढंच, तास अकरा.
सोमवारी संध्याकाळी सहाला निघाली,
पोचली त्याच सोमवारी, दुपारी एकला.

घरी गेलीच नाही.
दफनभूमीतल्या खडीवर बॅगेची चाकं अडली,
ती तिनं उचलून नेली.
विमानात मिळालेला, कोरा टूथब्रश काढला
आणि 'ओ' घासायला बसली.

फाटकावरच्या घड्याळात दोन वाजले होते.
मुलाचा निरोप घ्यायला
अजून चार तास होते.