नात्याचा रकाना

पुतण्यानं मेलबर्नहून फोटो पाठवला:
पिवळट फॉर्म, शाई उडालेली.
टिमथी मॅक्नमारा. जन्म: क्लेअर परगणा, आयर्लंड.
धंदा: इंजिनावर कोळसा टाकणे.
वय चोवीस. डोळे करडे.
डाव्या मनगटावर भाजल्याची खूण.

भुसावळच्या शेडमध्ये त्याला तिमा म्हणत.
चार वर्षांचा असताना आला, बोटीनं, मग रेल्वेनं.
आई प्लेगात गेली,
बाप बॉयलरनं नेला.
उरलं ते पोर खलाशांच्या चाळीत
कळण्याची भाकरी ठेच्याशी खात वाढलं,
आणि मे महिन्यात लाल व्हायचं,
आमच्याकडच्या वांग्यासारखं, भरताआधी
निखाऱ्यावर असतं तसं.

माझा पणजा झिपरू बारकू तायडे
त्याच फूटप्लेटवर.
एक फावडं, दोघांचे हात.
एकदा फोरमननं झिपरूला लाथ घातली.
तिमानं फोरमनला तेच फावडं.
त्या रात्री मालगाडीनं मुंबई,
तिथून घोडे उतरवून रिकामं परतणारं जहाज.
घरात एवढंच ठाऊक.
पुढचं सगळं कागदांवर.

राजाच्या नावानं शपथ घेतली त्यानं,
ज्या राजाचं राज्य त्याच्या गावावर होतं
आणि आमच्याही. यावर तो काय म्हणाला,
त्यासाठी फॉर्मवर जागा नाही.
मग गॅलिपोली. मग फ्रान्स.
पोझिएरला एका जुलैत
तो खंदकातून वर चढला,
आणि चिखलानं त्याला परत दिलं नाही.

एका जखमी सोबत्याची साक्ष आहे:
*उंच, अबोल, खेचरांशी कुठलीतरी हिंदुस्थानी बोलायचा.*
*खेचरं ऐकायची.*
कुठलीतरी!
मला ऐकू येते ती, तोफांच्या खालून,
तुर्कांच्या टेकडीवर पाण्याचे डबे चढवताना:
चाल वं माय, चाल. थोडंच ऱ्हायलं.

मागे राहिलेल्या वस्तूंची यादी.
एक पाईप. एक जपमाळ, तुटलेली.
दोन पत्रं, न पाठवलेली, अनोळखी लिपीत.
एक पत्र्याची डबी, आत काळपट पूड,
*निरुपयोगी, नष्ट केली.*

मी हे बायकोला वाचून दाखवलं.
ती खलबत्त्यापाशीच होती.
म्हणाली, दगडफूल असणार त्यात,
त्याशिवाय काळा मसाला इतकी वर्षं टिकत नाही.
आणि कारकुनाला एक शिवी दिली.

आता तो रकाना.
जवळचा नातेवाईक: *झिपरू जोडीदार, भुसावळ, हिंदुस्थान.*
नातं: कोरं.

मी बराच वेळ बघत बसलो.
आमच्यात जोडीदार आडनाव नाही.
अख्ख्या चाळीत नव्हतं.
मग दिसला तो कारकून, घाईतला,
रांग दारापर्यंत गेलेली,
विचारतो: नाव? झिपरू.
विचारतो: तुझा कोण?
आणि तिमाला त्याच्या भाषेत शब्द सापडत नाही.
तो आमचा शब्द देतो.
कारकून तो आडनावाच्या जागी लिहितो.
पुढचा!

म्हणून पार्सल आलं आणि परत गेलं.
तीन वेळा. तीन शिक्के आहेत:
या नावाचा इसम येथे नाही.
या नावाचा इसम तेव्हा
पोस्टापासून दोनशे पावलांवर
राख उपसत होता.

पणजा म्हातारपणी चिडायचा म्हणे.
गेला तो गेला, एक कागद नाही धाडला,
गोरा शेवटी गोरा.
याच रागात गेला तो, एकोणीसशे अडतीसला.
आता त्याला सांगायचं कुठल्या पत्त्यावर?

काल रात्री मनमाडकडे माल घेऊन निघालो.
बारा हजार हॉर्सपॉवर, एसी केबिन,
कोळशाचा कण नाही.
वाघूरच्या पुलाआधी चाक घसरायला लागलं,
रूळ दवानं ओले.
तोंडातून आपोआप निघालं: चाल वं माय.

असिस्टंट नवा आहे, बिहारचा.
म्हणाला, किससे बात कर रहे हैं, सर?
मी वाळू सोडली. सिग्नल पिवळा होता.
त्याला म्हटलं, पुकारो.
त्यानं पुकारा केला, मी परत केला.
दोघांचे आवाज काचेवर आदळले
आणि गाडी चढली.