ओगुलगेरेक

पहाटे चारला ट्रक निघाला तेव्हा
तिनं आधी आत ठेवली वाळवलेल्या खरबुजाची वेणी,
मग काठी, मग स्वतःला.
मावशी, दार जोरात ओढ, ओवेझ म्हणाला,
नाहीतर वाळू भाडं न देता बसते.

काराकुम. दोन्ही अंगांना साक्सौलची खुरटी झाडं,
सावली पाडण्याइतकाही ऐवज नसलेली.
मध्येच एक विटांचा बुटका घुमट.
कुण्या काळी तांडे इथे थांबून उंटांना पाणी पाजत.
ओवेझ त्याच्यापाशी हॉर्न वाजवतो.
का, विचारलं तर खांदे उडवतो:
वडील वाजवायचे.
मी आत डोकावलो. पोपडे धरलेला चिखल,
एक प्लास्टिकची चप्पल,
आणि माझाच आवाज, जरा उशिरानं परत आलेला.

मी रेशमाबद्दल काहीतरी बोलून गेलो.
रेशमाचं सगळेच सांगतात, ती म्हणाली.
माणसंही जायची याच वाटेनं, विकायला.
माझी पणजी खिवाच्या बाजारात गेली
दोन गाठोडी चहाच्या बदल्यात.
चहा चांगला होता म्हणे.
आणि हसली, तीन दातांनी.

नाक्यावर दुपार. पत्र्याचं छप्पर तडतडत होतं.
कोवळ्या मिशांच्या शिपायानं पासपोर्ट उघडला,
नाव मोठ्यानं वाचलं:
ओगुलगेरेक. म्हणजे, मुलगा हवा.
चार मुलींवर पाचवी झाली की
आपल्यात बाप देवाला अशी चिठ्ठी लिहितो.
मग, आला का आजी, मुलगा?
आला. पाठीवर दोन वर्षांनी.
पलीकडे राहतो.
गेल्या थंडीपासून जमिनीखाली.

शिपायानं पानं उगाच पुन्हा उलटली.
फळं न्यायची नाहीत, असं भिंतीवर लिहिलं होतं.
त्यानं वेणीची एक पट्टी तोडली,
बराच वेळ चावली.
तपासलं, म्हणाला,
आणि शिक्का मारला, थोडा तिरका.

मला पलीकडची परवानगी नव्हती.
तारेच्या दोन कुंपणांमधून ती चालत गेली,
काठी आधी, मग ती.
आठशे मीटर, ओवेझ म्हणाला,
आणि सिगारेट न पेटवताच ओठांत धरून राहिला.
वळून तिनं पाहिलं नाही.
तिचा पांढरा रुमाल
उन्हात कधी विरघळला, कळलं नाही.

परतताना मी दार जोरात ओढलं.
तरी तिच्या जागेवर
मूठभर वाळू बसलेली होतीच.
ओवेझनं ती झटकली नाही.