आधी लोखंडाला

दोंडाईच्यात जानेवारीत हवा इतकी कोरडी
की पटांगणात पसरलेली मिरची चार दिवसांत खुळखुळते,
आणि रात्री चादर ओढली
की अंधारात निळ्या मुंग्या पळतात.
मिरचीला ही हवा मानवते.
मेमरीला नाही.

आमच्या दुकानात येणाऱ्या डब्यांच्या पोटात
लाल धूळ असते.
झाकण काढलं की आधी शिंका, मग निदान.

त्या सकाळी मी बहिणीनं विणलेला स्वेटर घातला होता,
ॲक्रेलिकचा, पोपटी, कोपराला सैल.
प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले,
निंबा गुरुजींच्या पतपेढीचा डबा उघडला,
मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली,
सोनेरी दातांवरच बोट ठेवून परत बसवली.
खट्. दोन्ही कड्या लागल्या.
मशीन सुरू. पन्नास रुपये घेतले.

आवाज झाला नाही.
वास आला नाही.
बोटाला मुंगीसुद्धा चावली नाही.

अकराव्या दिवशी मशीन व्याज मोजताना अडखळू लागलं,
कधी अनसूयाबाईंच्या खात्यावर,
कधी नुसत्या तारखेवर.
गुरुजी म्हणाले, लाईटच कमीजास्त होते हो, तुमचा काय दोष.
मी मान हलवली.
ती हललेली मान मला अजून आठवते.

भटूभाऊंनी पट्टी कडेनं धरली,
उजेडात उलटी केली, पुन्हा सुलटी.
दिसण्यासारखं काही नव्हतंच.
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
“हाऊ सूटर कसाना शे?”

नवी पट्टी त्यांनी गल्ल्यातून दिली.
रविवारी दुकानामागे छातीइतका खड्डा खणला,
तांब्याचा पत्रा उभा केला,
मीठ, कोळसा, मीठ, कोळसा,
आणि हिरवी वायर खिडकीतून थेट माझ्या टेबलापर्यंत.
“तू आंगमा ईज लई फिरस, पोरी.
तुले समजत नही. तिले समजस.”

तीन हजार व्होल्टच्या खाली माणसाला काही जाणवत नाही,
हे मी नंतर वाचलं.
चिपला शंभरही पुष्कळ.
म्हणजे बहुतेक वेळा आपण न कळता मारतो,
आणि ते लगेच मरतही नाही.
(याची उपमा करायची नाही, असं मी ठरवलंय.)

आता सुती सदरा. बांगड्या खुंटीला.
भिंतीतली पिन काढून चालूचं बटण एकदा दाबायचं,
उरलीसुरली वीज पंख्याला उचकी देऊन जाते.
मनगटाचा पट्टा बाहीवर नाही, कातडीला.
त्याची चिमटी रंगावर नाही, उघड्या पत्र्याला.
नवी पट्टी शेवटच्या क्षणापर्यंत तिच्या चंदेरी पिशवीत,
पिशवीच्या आत, पिशवीवर नाही.

पट्ट्यात दहा लाख ओहमचा अडथळा असतो.
मला वाटायचं, वीज जाऊच द्यायची तर अडवायची कशाला?
भाऊ म्हणाले, हळू जाऊ दे.
धावत गेली तरी ठिणगीच.

परवा धडगावहून दिलवर पावरा आलाय, शिकायला.
पट्टा बांधला तर हसला,
“ताई, मी काय पळून जातोय?”
तू नाही रे, म्हटलं.
मग त्याचा हात धरून डब्याच्या पत्र्यावर टेकवला,
हिवाळ्यातला पत्रा, गार.
आधी लोखंडाला, मग बाकीच्यांना.

शटर ओढण्याआधी मी बादली घेऊन मागे जाते.
खारट जमीन, तिथे गवतसुद्धा धरत नाही.
मिरची गिरणीतल्या बाया नाकावरचा पदर काढून विचारतात,
रोज पाणी घालतेस, लावलंय तरी काय गं?
मी सांगून पाहिलंय. त्या मान हलवतात.

भाऊ आता सुरतेला असतात, मुलाकडे, सातव्या मजल्यावर.
कधी कधी अवेळी फोन येतो.
दुकान कसं, धंदा कसा, काही नाही.
“खड्डाले पानी टाकं का?”
मी हो म्हणते.
आणि मग उठून टाकते.