गादी

गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसतं.
पांढरी गादी, दर सोमवारी अभ्रा बदललेली.
मी समोर उभा, फरशीवर, अनवाणी,
नजरबाग मार्केटात चौतीस वर्षं.
"भैया, इसमें दूसरा रंग?"
दुसरा रंग नेहमी वरच्या फळीवर असतो.
स्टुलावर चढ. उतर.
उतरताना आधी टाच.

डॉक्टर कुलश्रेष्ठबाईंनी अंगठा ठेवला
टाचेच्या बरोबर मधोमध
आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं,
मराठीतच.

"सुबह, पहले कदम पर?"
नाही. संध्याकाळी. चंदेरीची पन्नासावी घडी मोडताना.
"तो नस नहीं। गद्दी घिस गई है।"
पाकिटाच्या पाठीवर त्यांनी टाच काढली:
हाडाखाली बारीक बारीक कप्पे,
कप्प्याकप्प्यात चिमूटभर चरबी,
रजईला टाके असतात ना, तशी आवळलेली,
कापूस एका कोपऱ्यात जाऊ नये म्हणून.
मग वय. वजन. फरशी.
टाके ढिले पडतात, कापूस कडेला सरकतो,
मधे राहतं हाड, आणि कातडं.

पिंजारी मिळेल का कुठे, मी विचारलं.
त्या हसल्या.
पोटावर एवढी साठलीय, त्यातलीच चार तोळे...
तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

या शहरात गादी म्हटलं की लोक महालाकडे बघतात.
माझी बोटभर जाडीची होती.
गेली, कुणाला कळलंही नाही.

दोन रबरी वाट्या मिळाल्या, बुटात घालायच्या.
कडेला गेलेलं मऊपण आत लोटून
हाडाखाली धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम.
नवीन काही भरत नाहीत.
आणि दुकानात बूट चालत नाहीत.

रात्री ओटा पुसून कुमुद आत आली,
चवड्यांवर.
टाच टेकतच नव्हती.
किती वर्षं अशी चालते ही?
मला वाटायचं, मुलं झोपलीत म्हणून.
मुलांना पुण्याला जाऊन बारा वर्षं झाली.

ती पलंगावर बसली तसा मी तिचा पाय धरला.
"अहो, सोडा! पाप लावता का मला?"
अंगठा नेला मधोमध.
दाबला नाही, नुसता ठेवला.
तिनं पाय ओढला, मग ओढायचा थांबवला.
बाहेर चौकीदाराची काठी दोनदा वाजली.

"डावी जास्त," ती म्हणाली.