हे नाव उपलब्ध नाही

नंदुरबारच्या स्टँडमागे माझं दुकान :
झेरॉक्स, पॅनकार्ड, रेल्वेचं तिकीट
आणि अलीकडे वेबसाइट.
पहिली बनवली ती केवळबाईंची.
वर्षाला आठशे एकोणपन्नास रुपये,
नाव टाकलं : खापर डॉट इन.
मोकळं होतं.
मलाच नवल वाटलं, एवढं सोपं नाव
कुणाला कसं सुचलं नाही?

आज चार पानांचं इंग्रजी पत्र आलंय.
वकील पुण्याचे. अशील कुठलीशी कंपनी,
पाकीटबंद पुरणपोळी विकते,
नव्वद दिवस टिकणारी.
वर्ग तीस, नोंदणी क्रमांक अमुक अमुक,
'खापर' हा शब्द केवळ त्यांचा.
सात दिवसांत नाव सोडा,
नाहीतर पुढच्या परिणामांचं खापर
तुमच्या डोक्यावर...
नाही, हे त्यांनी नाही लिहिलं.
मराठीत सांगताना माझ्याच तोंडून निघालं
आणि मी जीभ चावली.
न जाणो, याचंही बिल यायचं.

केवळबाई बाकावर बसलेल्या.
पोळी ज्यांच्यावर उपरण्याएवढी पसरते
ते हात मांडीवर,
कोपरापर्यंत जुने चट्टे.
"काय म्हनस तो कागद?"
म्हणतो, खापर त्यांचं आहे.
"कोनतं? मन्हा घर शे ते?
ते तं तडकेल शे."

वस्तू नाही हो, शब्द.
त्यांनी डोळे बारीक केले,
सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या दुकानदाराकडे
बघतात तसे.

रात्री उत्तर लिहायला बसलो.
पुरावा एक : कुंभारवाड्यातली भट्टी,
तिच्याकडे पावतीपुस्तक नाही.
पुरावा दोन : माझ्या पणजोबांचे वडील.
त्यांचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही,
फोटो नाही, उतारा नाही,
उरलंय ते फक्त नातं, खापरपणजोबा.
त्यातला अर्धा शब्द आता पुण्याला जमा.
पुरावा तीन : अक्कलकुव्याच्या पुढे
खापर नावाचं अख्खं गाव आहे.
त्याने सात दिवसांत
नेमकं कुठे जायचं?
वकिलाची फी विचारली
आणि कागद पालथा ठेवला.

सकाळी दुसरं नाव शोधू लागलो.
मशीन म्हणालं, हे नाव उपलब्ध नाही,
त्याऐवजी हे घ्या :
मायखापर, खापरट्वेंटीफोर, बेस्टखापर.
"बेस्ट" ऐकून केवळबाई
पदर तोंडाला लावून हसल्या.
मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता,
"नाव लई जाऊ देत.
चटका बी लई जा म्हना."

नाव सोडायला पाच मिनिटं लागली.
आठशे एकोणपन्नास परत मिळत नाहीत,
तसं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

संध्याकाळी शटर ओढताना
फलाटावर गाडी लागलेली.
कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतोय, फुकट,
भर स्टँडात, सगळ्यांदेखत :
खापर, खापर, खापर,
चला, खापरवाले,
आणि माणसं पिशव्या सावरत
चढताहेत.